विचुंब्यातलं वीस अंश

तीन रिटायर्ड माणसं एकत्र बसली की किस्से साठतातच. कुणी मुद्दाम साठवत नाही. घरगुती बिअरच्या बाटलीत तळाशी गाळ बसतो ना, तसे आपोआप बसतात. बाटली सरळ धरून अलगद ओतली तर वर स्वच्छ बिअर येते आणि सगळे म्हणतात, वा. आज मी बाटली हलवूनच ओतणार आहे. चव कडू लागली तर मला बोलू नका.

आम्ही तिघं. आपटेकर साहेब, जना पाटील आणि मी, विलास. तिघांनी तीस-तीस वर्षं एकाच केमिकल कंपनीत काढली. साहेब शिफ्ट इन्चार्ज, मी ऑपरेटर, जना हेल्पर. कंपनीत आमचं काम एकच होतं, रिअ‍ॅक्टरमधला माल ठरलेल्या तापमानाला धरून ठेवायचा. रिटायर झाल्यावर आम्ही घरी बिअर करायला लागलो, आणि तिथेही काम तेच निघालं.

आता साहेब कायमचे इस्रायलला गेले, मुलाकडे. ते जाण्याआधी मला त्यांना एक गोष्ट सांगायची होती. एकतीस वर्षं सांगायची राहिली होती. ती सांगितली का, ते शेवटी येईलच.

*

सुरुवात साहेबांच्या मुलाने केली. सुट्टीवर आला तेव्हा बापासाठी बिअरचं किट घेऊन आला. एक वीस लिटरचा ड्रम, झाकणात बसवायची नळी, माल्ट, हॉप्स आणि यीस्टची पुडी. पुडीवर लिहिलं होतं, अठरा ते बावीस अंश.

पनवेलमध्ये अठरा ते बावीस अंश जानेवारीत पहाटे असतं, तेही मॉर्निंग वॉकवाल्यांसाठी. आम्ही पहिली बॅच घातली एप्रिलमध्ये, नवीन पनवेलला माझ्या बाल्कनीत.

यीस्ट साखर खातं, दारू करतं आणि काम करताना स्वतःच तापतं. म्हणजे खोली तेहतीस असेल तर ड्रम सदतीस. हे आम्हाला कुणी शिकवायची गरज नव्हती. अशीच तापणारी रिअ‍ॅक्शन आम्ही तीस वर्षं सांभाळली होती. तरी आम्ही ड्रम बाल्कनीत ठेवला आणि चहा प्यायला गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी झाकणातली नळी उडाली आणि सगळा फेस छताला लागला. तीन आठवड्यांनी उरलेली बिअर प्यायलो. नेलपॉलिश काढायच्या औषधासारखा वास, आणि एका ग्लासात डोकं धरलेलं.

बायको छताकडे बघत म्हणाली, "तीस वर्षं कंपनीत हेच करत होता?"

परवान्याचं आणि कायद्याचं मला विचारू नका. जनाने त्याच्या वकील पुतण्याला विचारलं होतं. पुतण्याने सल्ला द्यायच्या आधी दोन बाटल्या मागितल्या, आणि प्यायल्यावर म्हणाला, "काका, याला बिअर म्हणून कोर्टात सिद्धच करता येणार नाही."

*

दुसरी बॅच मी बेडरूममध्ये ठेवली. एसी अठरावर, दार बंद, फटीला टॉवेल. बायको हॉलमध्ये झोपायला लागली. मी अधूनमधून स्वेटर घालून आत जायचो आणि ड्रमला हात लावून यायचो.

रविवारी मुलगा नातवाला घेऊन कामोठ्याहून आला. आत गेला, थंडीत उभा राहिला, ड्रमकडे बघितलं.

"बाबा, बारावीला मी याच खोलीत डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बसायचो."

"तेव्हा कुठे एसी होता?"

"होता. तुम्ही रिमोट कपाटात ठेवायचात."

मी म्हटलं, तेव्हाची गोष्ट वेगळी होती. काय वेगळी होती ते त्याने विचारलं नाही. जेवला, नातवाला घेतलं आणि उन्हात निघून गेला. ती बॅच बरी झाली होती, पण मला ती गोड लागली नाही.

*

बायकोने ड्रम घराबाहेर काढला, तेव्हा जना म्हणाला, "आमच्याकडं आना. खालची खोली रिकामी हाय."

जनाचं घर विचुंब्याला. कंपनी जिथे उभी राहिली ती जमीन त्याच्या बापाची. जमिनीच्या बदल्यात नोकरी मिळाली, हेल्परची. तीस वर्षं तो स्वतःच्या शेतावर झाडू मारत होता. एकदा नव्या मॅनेजरने त्याला दरडावून विचारलं, "या प्लँटची तुला काही माहिती आहे का?" जना म्हणाला, "वरची नाय सायेब. खालची हाय. तुमी उभे हाव तिथं आमचं भात व्हायचं."

त्याच्याकडे मासळीचा जुना डीप फ्रीझर पडला होता. मी त्याला कंट्रोलर जोडला. वीस अंशाच्या वर गेलं की चालू, खाली आलं की बंद. मग वाद सुरू झाला, सेन्सर कुठे लावायचा. मी म्हटलं, फ्रीझरच्या हवेत लटकवू. साहेब म्हणाले, ड्रमला चिकटवू. दोन तास चर्चा झाली. मी कागदावर आकृती काढली, साहेबांनी त्यावर दुसरी काढली. शेवटी माझ्या मताने हवेत लटकवला, कारण वायर माझी होती.

कंट्रोलर वीस दाखवत होता. ड्रम आतून सत्तावीस झाला होता.

जनाने ड्रमला हात लावला आणि माझ्याकडे बघितलं. "पोराला ताप आला का हात पोराच्या कपालाला लावतान, का हवेला?"

सेन्सर ड्रमला गेला. तापमान बरोबर धरलं, पण बिअरला सुक्या बोंबलाचा वास आला. साहेबांनी आणि मी नाक मुरडलं. जना दोन ग्लास प्यायला. "आमाला नाय येत वास," म्हणाला.

महिन्याभरात फ्रीझरचा कॉम्प्रेसर गेला. मग आम्ही गरिबाचा उपाय धरला. मोठ्या टबात पाणी, पाण्यात ड्रम, आणि बर्फ केलेल्या कोल्डड्रिंकच्या बाटल्या दर चार तासांनी बदलायच्या. हा उपाय चालतो. अट एकच, बदलणाऱ्याने जायला पाहिजे.

*

साहेबांच्या बायकोला, रिबेका वहिनींना, आमचा हा सगळा उद्योग हास्यास्पद वाटायचा. साहेबांचं घर बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. त्या शुक्रवारच्या दिव्यासाठी काळ्या मनुकांचं शरबत करतात. मनुका भिजवायच्या, उकळायच्या, कुस्करून गाळायच्या. "माझं एका दिवसात होतं," त्या म्हणायच्या. "आणि मनुका मला तापमान विचारत नाहीत."

त्यांनीच एका शुक्रवारी सकाळी आम्हाला सांगितलं की फ्लॅट विकला. साहेब खाली बघत होते. मुलगा बरीच वर्षं बोलावत होता, वहिनींचे गुडघे गेले होते, इथे सोबतीला कुणी नव्हतं. सगळं बरोबर होतं. बरोबर असलेल्या गोष्टीचंच जास्त वाईट वाटतं.

साहेब एवढंच म्हणाले, "सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. आम्ही कसेबसे दहा होतो. आता नऊ राहतील."

जना म्हणाला, "मी येऊन बसू का?"

"तू चालणार नाहीस, जना."

"टोपी घालीन ना."

साहेब हसले, आणि मग चष्मा पुसायला आत गेले. बाहेर आले तेव्हा म्हणाले, "जायच्या आधी एक बॅच नीट झाली पाहिजे. एकदाच. वीस म्हणजे वीस. दोन बाटल्या मुलाकडे घेऊन जाईन. त्याला कळू दे, बाप काय काम करायचा ते."

त्यांनी बाजारातून एक लांब वही आणली. रकाने आखले. वेळ, तापमान, नाव. शेवटचा रकाना, इन्चार्जची सही.

*

आता वहीचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

कंपनीत दर तासाला तापमान बघून लॉगशीटमध्ये लिहायचं असतं. आमच्या जुन्या प्लँटवर थर्मामीटर दुसऱ्या मजल्यावर होता, लोखंडी शिडी चढून जावं लागायचं. त्यामुळे आमच्यात एक पद्धत होती, तिला आम्ही 'खुर्चीतलं रीडिंग' म्हणायचो. मागच्या तासाला साठ होतं ना, मग आता कुठे जाणार आहे? लिही साठ. सगळे करायचे. जो नाही म्हणेल तो खोटं बोलतो.

मी नवीन होतो, प्रोबेशनवर. घरी मुलगा चार महिन्यांचा. सेकंड शिफ्ट, दुपारची वेळ, पत्रा तापलेला. मी सलग चार तास खुर्चीतून साठ लिहिलं. वर थंड पाण्याचा व्हॉल्व्ह अडकला होता आणि माल नव्वदवर गेला होता. एकदा इतका तापला की माल वायाच, मग कितीही थंड करा. शिफ्ट संपताना साहेबांनी नेहमीसारखी लॉगशीटवर सही केली. पुढच्या शिफ्टने माल काढला तो डांबरासारखा काळा निघाला. कुणाला इजा झाली नाही, एवढं नशीब.

चौकशी बसली. मला विचारलं, "रीडिंग घेतली होती?" मी म्हटलं, "हो. साहेबांची सही आहे."

साहेबांना विचारलं, "सही करण्याआधी वर जाऊन तपासलं होतं?"

साहेब म्हणाले, "नाही."

संपलं. इन्चार्जने न बघता सही केली, ठपका त्यांच्यावर. त्यांचं प्रमोशन गेलं ते गेलंच. त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरं त्यांची साहेब झाली. मी सहा महिन्यांनी पर्मनंट झालो, पेढे वाटले, त्यांनाही दिला.

मला त्यांना सांगायचं होतं ते हे. ती रीडिंग मी घेतलीच नव्हती. पण दर वेळी तोंडाशी आलं की मी स्वतःला समजवायचो. मी न बघता लिहिलं, त्यांनी न बघता सही केली. फिट्टंफाट. त्यांनी शिडी चढायचे कष्ट घेतले असते तर माझी चोरी तिथेच पकडली असती. म्हणजे निम्मी चूक त्यांची. या हिशोबावर मी एकतीस वर्षं बऱ्यापैकी शांत झोपलो. त्यांचा थोडा रागही यायचा मला. माणूस ज्याचं वाईट करतो त्याच्यावरच चिडतो, हे मला आरशात बघून कळलेलं आहे.

*

शेवटची बॅच. मे महिना, साहेबांच्या विमानाला पाच आठवडे. तीन आठवडे ड्रममध्ये, दोन आठवडे बाटलीत. बरोबर बसत होतं.

गुरुवारी सकाळी यीस्ट टाकलं. ड्रम टबात, सेन्सर ड्रमला चिकटवलेला. दार उघडलं की गरम हवा आत जाते म्हणून आकडा दाखवणारी डबी खिडकीच्या चौकटीत ठेवली. बाहेर ओट्यावरूनही दिसायचा. साहेबांनी ड्यूट्या लावल्या. सकाळी जना, दुपारी मी, संध्याकाळी ते स्वतः. पहिले तीन दिवस महत्त्वाचे. तेव्हाच यीस्ट सगळ्यात जास्त तापतं, आणि तेव्हाच बिअर बिघडते. नंतर कितीही बर्फ घाला, गेलेली चव परत येत नाही.

शुक्रवारी दुपारनंतर जना घरच्यांना घेऊन भाचीच्या हळदीला उरणकडे गेला. आगरी हळद म्हटल्यावर तो रविवारी सकाळच्या आधी परत येणार नव्हता. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी मावळेपर्यंत साहेब कसलंही काम करत नाहीत, तो त्यांचा शब्बाथ. म्हणजे शुक्रवार दुपार ते शनिवार संध्याकाळ सगळं माझ्यावर. खोलीची किल्ली माझ्याकडे, वरच्या फ्रीजची बर्फाची सोय माझ्याकडे, वही माझ्याकडे.

मी गेलो नाही.

कारण सांगू? काही नाही. कुणी आजारी नव्हतं, रिक्षाचा संप नव्हता. जेवलो, पंखा लावला, पडलो. उठल्यावर वाटलं, ऊन उतरू दे. ऊन उतरल्यावर वाटलं, सकाळीच बर्फ घातलाय, टिकेल.

साडेसहाला साहेबांचा फोन आला.

"विलास, किती आहे?"

"वीस, साहेब."

"बघितलंस?"

"समोरच उभा आहे."

मग म्हणाले, "बरं. दिव्याची वेळ झाली, मी जातो घरी." फोन ठेवला. मी टीव्ही परत मोठा केला.

शनिवारी संध्याकाळी गेलो तेव्हा डबी चौतीस दाखवत होती. टबातलं पाणी कोमट. होत्या नव्हत्या तेवढ्या बर्फाच्या बाटल्या टबात टाकल्या, पंखा लावला, ओली गोणी गुंडाळली. रविवारी सकाळी जना यायच्या आत आकडा वीसवर आणला. मग वही उघडून राहिलेले रकाने भरले. एकोणीस पूर्णांक आठ. वीस. वीस पूर्णांक एक. एकोणीस पूर्णांक नऊ. प्लँटवर नवखा असताना मी सलग साठ लिहिलं होतं. खोटं लिहिणाऱ्याने दशांश विसरू नये, हे मी अनुभवाने शिकलो होतो.

पाच आठवड्यांनी, निघायच्या आदल्या दिवशी दुपारी, साहेब विचुंब्याला आले. वहिनी आवराआवरीत होत्या, म्हणून एकटेच. सोबत दोन बाटल्या बांधून न्यायला जुने स्वेटर आणले होते. जनाने ओट्यावर सतरंजी टाकली, तळलेले मांदेली आणले. साहेबांनी स्वतः बाटली उघडली, तिरप्या ग्लासात अलगद ओतली. रंग सुंदर होता. फेस टिकला होता. मला एक क्षण वाटलं, वाचलो.

जनाने पहिला घोट घेतला आणि बाजूला थुंकला. "थिनर हाय नुसता."

मी घोट घेतला. तोच वास, पहिल्या बॅचचा. घसा भाजत गेला.

"कसं काय?" जना म्हणाला. "यंदा तर वीसच्या वर गेलाच नाय. आन रे ती वही."

मी वही दिली. जना प्रत्येक ओळीवर बोट फिरवत वाचत गेला. त्याच्या अक्षरातले आकडे, साहेबांच्या अक्षरातले, माझे. सगळे वीसच्या आसपास. "बघा," तो म्हणाला. "आपली काय चूक नाय. यीस्टच खराब आसल."

साहेब माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. नुसते बघत होते, थांबल्यासारखे. ती एकतीस वर्षं, तो शुक्रवार, सगळं तिथेच सांगून टाकायला माझ्यासमोर अख्खी दुपार होती. आणि मी म्हटलं, "हो साहेब, पुडी जुनी असणार. उन्हात ठेवतात हे दुकानदार."

साहेबांनी मान हलवली. हातातला ग्लास त्यांनी शेवटपर्यंत प्यायला, एकही घोट न थुंकता. मग आणलेले दोन्ही स्वेटर घडी करून पिशवीत परत ठेवले. खिशातलं पेन काढलं, वही मांडीवर घेतली, आणि इन्चार्जच्या रकान्यात पहिल्या ओळीपासून सह्या करायला सुरुवात केली. शुक्रवारच्या ओळीवर आले तेव्हा मला राहवलं नाही.

"कशाला साहेब? राहू द्या. कोण बघणार आहे आता?"

"पद्धत आहे," ते म्हणाले, आणि सही केली. शनिवारच्या ओळींवरही केली. वही मिटून त्यांनी माझ्या हातात दिली.

जना मांदेली गरम करायला आत गेला होता. साहेब चप्पल घालत, माझ्याकडे न बघता, हळू आवाजात म्हणाले, "शुक्रवारी फोन केला तेव्हा मी याच खिडकीशी उभा होतो, विलास. आणि त्या दिवशी प्लँटवरही सही करायच्या आधी मी शिडी चढून वर जाऊन आलो होतो."